जखमी माणसाशी बोलत राहायचं

ट्रॅमनं अचानक ब्रेक मारला, तशी मागं उभ्या असलेल्या बाईनं तोल सावरायला हेनिंगच्या खांद्याला धरलं. चांगलं घट्ट धरलं, जॅकेटच्या जाड अस्तरातूनही पाच बोटं वेगवेगळी कळावीत इतकं. "अगबाई, माफ करा हं," ती म्हणाली आणि हात काढून घेतला. एवढंच झालं. पुढच्या थांब्यावर ती उतरूनही गेली, तिचा चेहरासुद्धा त्यानं पाहिला नाही. पण खांद्यावर बोटांच्या जागा तशाच राहिल्या, ऊन पडलेल्या भिंतीला संध्याकाळी हात लावला की लागते तशी ऊब धरून. त्याचा थांबा आला, दार उघडलं, मिटलं, आणि तो दांडी धरून उभाच. खिडकीबाहेरून नदी गेली, जुन्या कापडगिरण्या गेल्या, मार्चमधला घाणेरडा बर्फ रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेला, तोही गेला. शेवटच्या थांब्यावर चालकानं मागं वळून पाहिलं तेव्हा हेनिंगला भान आलं. आपल्याला याआधी कोणी हात लावला होता, याचा तो हिशेब करत होता. केस तो घरीच मशीननं कापायचा. दातांच्या डॉक्टरच्या हातात रबरी मोजे होते, ते धरायचं की नाही? कामाच्या ठिकाणी तो मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासायचा, काचा खिडकीतून पुढं सरकवायचा आणि पुढून मुली "थँक्यू हेनिंग" म्हणायच्या. मग कोण? शोधत शोधत तो ऑक्टोबरपर्यंत मागं गेला, तेव्हा कुठं सापडलं. मारितनं लावला होता. जंगलात, ओल्या शेवाळावर, त्याच्या डाव्या दंडाला पट्टी बांधताना. आणि तेव्हा तर तो मरत होता.

मरत होता म्हणजे खेळात. वर्षातून चार-पाच वेळा शहराबाहेरच्या जंगलात तीसचाळीस माणसं गणवेश घालून जमायची आणि दोन दिवस लढाई लढायची. बंदुका दिसायला खऱ्या, आत प्लॅस्टिकच्या गोळ्या, वाटाण्यापेक्षा लहान. अंगाला लागली तर मधमाशी चावल्यासारखं वाटतं, जाड कपड्यावर तेही वाटत नाही. म्हणून या खेळाचं सगळं गाडं एकाच गोष्टीवर चालतं: लागली की लागली, असं ज्याचं त्यानं मानायचं. दुसऱ्या कोणाला दिसत नाही, पंच नसतो. मानलं नाही तर पन्नाशीतली माणसं झाडांमागं लपून एकमेकांवर खेळण्यातल्या बंदुका रोखतायत, याच्यापलीकडं तिथं काहीच उरत नाही. मानलं की जंगल बदलतं. हेनिंगला मानायला कधी कष्ट पडले नाहीत. लढाईचा नकाशा असायचा, त्यावर कोणीतरी बसून बनवलेल्या गावांची नावं असायची, आणि बाकीचे त्या नावांवर नुसतं बोट ठेवून पुढं सरकायचे तेव्हा हेनिंग विचारायचा, "गाव रिकामं केलं म्हणता, मग गाईंचं दूध कोण काढतंय?" पहिल्यांदा सगळे हसले होते. "बेकरीवाला घाईत गेला असणार," तो म्हणायचा, "भट्टी अजून गरम असेल." मग रात्री पहाऱ्यावर उभी असलेली मारित कुजबुजायची, "अरे बाबा, तुझ्यामुळं मला खरंच पावाचा वास यायला लागलाय, आता भूक लागली त्याचं काय करू?" मारित त्यांची मेडिक, खेळातल्या जखमींना पट्टी बांधणारी. एरवी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, लोण्यासारखी मऊ बोलणारी बाई.

लहानपणी गिरणीमागच्या पटांगणात तो एकटाच खेळायचा. काठी म्हणजे बंदूक. एकदा जेवायची हाक आली तेव्हा तो पालथा पडला होता, उठेना. वडील वर खिडकीतून ओरडले, "काठी आहे ती, हेनिंग! काठी! ऊठ!" आई मात्र खाली उतरली, ॲप्रन तसाच, हात पिठाचे. शेजारी उकिडवी बसली. "मेलास का रे?" तिनं विचारलं. त्यानं डोळे मिटूनच मान डोलावली. "फार लागलं का?" तिनं त्याच्या पाठीवर पिठाचा हात ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. वर पॅनकेक करपत होते, वास खालपर्यंत येत होता, तरी ती उठली नाही. पुढं आयुष्यात त्याला माणसं भेटली ती बहुतेक खिडकीतून ओरडणारी. इल्व्हासुद्धा. इल्व्हा म्हणजे त्याची बायको, म्हणजे होती. वाईट नव्हती ती. भांडणंही फार झाली नाहीत. जेवताना ती काहीतरी सांगायची, शेजारणीचं, ऑफिसातलं, आणि तो ऐकायचा, पण ऐकता ऐकता शेजारणीच्या जिन्यात शिरायचा, तिच्या मांजराला नाव द्यायचा, आणि परत येईपर्यंत इल्व्हाची बशी रिकामी झालेली असायची. "तू इथं बसतोस," ती एकदा म्हणाली, "पण घरात नसतोस. मी कोणाशी बोलू?" मग ती उत्तरेला बहिणीकडं गेली, आधी सुट्टीला, मग कायमची. कपाटातला तिचा भाग रिकामा झाला. जंगलातल्या खेळाबद्दल त्याला त्यानंतर कळलं. तिला कळलं असतं तर ती हसली असती, की नसती, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

त्या मार्चच्या संध्याकाळी शेवटच्या थांब्यावरून तो चालत घरी आला आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला. आजपर्यंत स्वतःशीसुद्धा कबूल न केलेली एक गोष्ट त्याला आता उघडी दिसत होती. गेल्या दोन वर्षांत तो फार वेळा जखमी झाला होता. खेळाचा नियम असा, की गोळी लागली की आडवं पडायचं, हाक मारायची आणि हलायचं नाही. मेडिकनं यायचं, जखमेवर हात दाबून धरायचा, पट्टी बांधायची, आणि बांधून होईस्तोवर जखमी माणसाशी बोलत राहायचं. तो झोपता कामा नये. मेडिक वेळेत आली नाही तर माणूस मेला. मेलेल्यांनी उठून मागच्या तंबूत जाऊन बसायचं. तिथं कॉफी असायची, दालचिनीचे पाव असायचे, आणि मेलेली माणसं गुडघेदुखीबद्दल नि घरावरच्या कर्जाबद्दल बोलत बसायची. हेनिंगला तो तंबू अजिबात आवडत नसे. पण जखमी होणं! आकाशात देवदारांचे शेंडे हलतायत, पाठ थंड पडत चाललीय, आणि लांबून कोणीतरी फक्त आपल्यासाठी पळत येतंय, फांद्या मोडत. मग छातीवर एक हात. मग एक आवाज: मी आलेय, माझ्याकडं बघ, नाव काय तुझं, कुठं राहतोस. तेवढ्यासाठी तो आडोसा सोडून उघड्यावर यायचा. जरा जास्तच वेळ उभा राहायचा. शत्रूला नेम धरायला सवड मिळावी इतका. आणि लोक म्हणायचे, हेनिंग फार धाडसी आहे.

मे महिना उजाडला. जंगलात जमिनीवर पांढरी फुलं आली, संध्याकाळ लांबत लांबत संपेचना. शनिवारी सकाळी सगळे गाड्या लावून गणवेश चढवत होते तेव्हा मारित त्याला बाजूला घेऊन गेली. तिच्या खांद्यावर मेडिकची पिशवी होती, ती तिनं उतरवून त्याच्या हातात दिली.

"आज हे काम तू कर."

"मी? मला कुठं येतंय?"

"न यायला काय झालं? इतक्यांदा करून घेतलंयस माझ्याकडून." ती हसत नव्हती. "हेनिंग, मी मागं असते, मला दिसतं सगळं. तू गोळीची वाट बघत उभा राहतोस."

त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यानं पिशवीचा पट्टा उगाच खालीवर केला.

"मी कोणाला बोलले नाही, बोलणारही नाही," ती म्हणाली. "पण सारखं पडून राहिल्यानं माणसाला पडून राहायचीच सवय लागते रे. एकदा बसून बघ ना दुसऱ्याशेजारी."

तिचा राग आला त्याला. असा, की घरी निघून जावं. पण गाड्या एकामागं एक लागलेल्या, त्याची अडकलेली, आणि शिट्टी वाजली, माणसं झाडांत शिरली, आणि तोही शिरला. पिशवी पाठीवर आपटत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला जंगल हे नुसतं जंगल दिसत होतं. गावं नव्हती, गाई नव्हत्या. वडील खिडकीत उभे राहून ओरडत होते, काठी आहे ती. एवढ्यात डावीकडून हाक आली, पण कशी? "अहो मेडिक... म्हणजे... मला लागली बहुतेक. इकडं या वेळ असेल तर." एका पडलेल्या खोडाजवळ एक आडदांड माणूस पांढऱ्या फुलांत उताणा पडला होता, एका हातानं पोटाखाली घसरलेली पँट वर ओढत. टोर्केल. नवा होता, दुसऱ्यांदाच आला होता. शहरात लोकांना गाडी शिकवायचा. हेनिंग गुडघ्यावर बसला.

"कुठं लागली?"

"पोटात. म्हणजे पट्ट्याच्या बक्कलला लागली, पण पोटच धरू." टोर्केलला हसू आवरत नव्हतं. "लेका, मी इथं काय करतोय? छप्पन्न वर्षांचा माणूस मी. बायको म्हणाली, जा, कुठंतरी जा, चार माणसांत मिसळ. तर हे!"

हेनिंगनं त्याच्या पोटावर हात ठेवला. गणवेशाखाली गरम, श्वासागणिक वर येणारं पोट. मारित काय म्हणायची? त्याच्या तोंडात एकही शब्द येईना. त्याला एवढंच कळलं, की हा माणूस असाच हसत राहिला तर दोघंही इथं चिखलात बसलेले दोन म्हातारे ठरतील, आणि मग आपल्याकडं काहीच उरणार नाही.

"हसू नकोस," तो म्हणाला. "हसलास की रक्त जास्त जातं." आवाज त्याचाच होता, पण खालून कुठूनतरी आलेला. "थंडी वाजतेय?"

"जमीन ओली आहे, बस्स."

"माझ्याकडं बघ. घरचं बोल काहीतरी."

"घरचं काय बोलू? घरी सगळं ठीक आहे."

मग हेनिंगच बोलायला लागला. पट्टीचं टोक काढलं, एक वेढा दिला आणि म्हणाला, आज संध्याकाळी मी घरी जाईन ना, तेव्हा जिन्यातच मला वास येतो. वाटाण्याच्या सुपाचा. इल्व्हा करते. माझी बायको. खरं तर सूप गुरुवारी करायचं, सगळा देश गुरुवारी करतो, पण ती म्हणते मला भूक लागेल तो गुरुवार. दुसरा वेढा. पिवळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालते, आणि सकाळी भांड्यात बोट घालून बघते, फुगले का. मी दार उघडलं की ती वळून बघत नाही, नुसतं म्हणते, बूट काढ, फरशी आत्ता पुसलीय. आणि मी बूट काढतो. मग ती विचारते, आज जिंकलात का? आणि मी सांगतो, आणि ती ऐकते. तिसरा वेढा. सांगता सांगता हेनिंगला त्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला दिसला, झाकणाखालून वाफ, इल्व्हाची पाठ, पाठीवर ॲप्रनची गाठ. गाठ आईच्या ॲप्रनची होती की काय, कोण जाणे. तो बोलत राहिला. बराच वेळ हसू ऐकू आलं नाही म्हणून त्यानं खाली पाहिलं. टोर्केलचा चेहरा पांढरा पडला होता. डोळे वरच्या फांद्यांवर होते, कानांकडं पाणी ओघळत होतं आणि त्यानं हेनिंगची बाही मुठीत धरली होती.

"जाऊ नकोस हं," टोर्केल म्हणाला. "बांधून झालं तरी लगेच जाऊ नकोस."

"नाही जात."

लांब कुठंतरी गोळ्या तडतडत होत्या. पट्टी बांधून झाली होती. नियमानं टोर्केल उठून लढायला जायला मोकळा होता. दोघंही हलले नाहीत.

रविवारी दुपारी खेळ संपला. गाड्यांपाशी कोणीतरी शेगडी पेटवली होती, सॉसेज भाजत होते, आणि मघाची पेटलेली गावं पुन्हा पार्किंगची जागा झाली होती. टोर्केल हातात पाव घेऊन सरळ त्याच्याकडं आला, दाढीला मोहरीचा सॉस लागलेला.

"अग्नेताला फोनवर सांगितलं मी," तो म्हणाला. "अग्नेता म्हणजे आमची बायको. म्हटलं, एका माणसानं मला मरता मरता घरची आठवण काढायला लावली. ती म्हणते, मला भेटायचंय या माणसाला. आणि त्या सूपवाल्या बाईला पण." तो मोठ्यांदा हसला, पण डोळे हसत नव्हते, ते वाट पाहत होते. "कधी मिळणार मग ते सूप?"

सांगता आलं असतं. खेळातलं होतं रे, एवढंच म्हणायचं होतं. टोर्केल जरा चपापला असता, पाव खाल्ला असता, गाडीत बसून निघून गेला असता. हेनिंगच्या कानांनी हेनिंगचंच बोलणं ऐकलं: "गुरुवारी या ना. इल्व्हाला बरं वाटेल."

नंतरचे दिवस त्यानं काचा घासल्या त्याही चुकीच्या. एक काच इतकी पातळ केली की पुढं दुकानात बसणाऱ्या मुलीनं ती परत आणून दिली आणि काही न बोलता ठेवून गेली. फोन करून सांगावं, आजारी आहे. सांगावं, इल्व्हा गावाला गेली. त्यानं दोनदा नंबर काढला. पण त्याचबरोबर त्याच्या आत काहीतरी कामाला लागलं होतं, खेळाच्या आधी लागतं तसं, आणि त्याला थांबवता येत नव्हतं, थांबवायचंही नव्हतं. त्यानं दुसरा टूथब्रश आणला, हिरवा, आणि तो ओला करून ठेवला. जुन्या कपड्यांच्या दुकानातून बायकी कोट आणला, करड्या लोकरीचा, साधारण इल्व्हाच्या मापाचा. घरी येऊन दारामागच्या खुंटीला लावला. कोटाला एका अनोळखी बाईच्या साबणाचा वास होता. पहिल्या रात्री त्या वासानं तो दचकून उठला. दुसऱ्या रात्री उठला नाही. बुधवारी त्यानं वाटाणे भिजत घातले आणि सकाळी पाण्यात बोट बुडवून पाहिलं, फुगले का. तेव्हा मागं कोणीतरी उभं आहे असं वाटून तो वळलासुद्धा. जंगलात आपण मानतो ते सगळ्यांबरोबर मानतो, आणि शिट्टी वाजली की सोडून देतो. इथं शिट्टी कोण वाजवणार होतं?

गुरुवारी ते आले तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. टोर्केल दारातच वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला, उंच कातडी बूट, सोडता सोडता कण्हत. अग्नेता बारीक अंगाची होती, केस आखूड कापलेले, हातात ट्युलिपची जुडी. "हे तुमच्या बायकोला," म्हणत तिनं ती हेनिंगच्या हातात दिली आणि स्वतःचा कोट खुंटीला लावायला वळली.

"इल्व्हा अडकली कामावर," हेनिंग म्हणाला. "येईलच. आपण सुरू करू या."

बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातांकडं गेली आणि तो जागच्या जागी गार पडला. करड्या कोटाच्या बाहीला दुकानाची किमतीची चिठ्ठी दोरीनं लटकत होती. इतके दिवस तिथंच लटकत होती आणि त्याला ती दिसली नव्हती. अग्नेतानं ती पाहिली. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं ती चिठ्ठी दोन बोटांनी उचलली, कोटाच्या बाहीत आत सारली, वरून बाही नीट केली आणि शेजारच्या खुंटीला आपला कोट लावला. वळली तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. "काय सुंदर वास सुटलाय," ती म्हणाली.

टेबलावर चार बश्या होत्या. टोर्केल सुपावर तुटून पडला. जंगलातली गोष्ट त्यानं पुन्हा सांगितली, आपण कसे पडलो, कसं वाटलं, आणि सांगताना सारखा दाराकडं बघत होता. "फोन तरी कर की तिला. सूप गार होतंय."

हेनिंगच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"करू दे रे काम त्या बाईला," अग्नेता म्हणाली. "तू गाडी शिकवत असताना मी फोन केला की कसा खेकसतोस!" मग ती हेनिंगकडं वळली. तिनं जंगलातल्या या खेळाला आठवडाभर पोरखेळ म्हटलं होतं, हे टोर्केलनं त्याला सांगितलेलं होतं. "मोहरी घालून खातात का त्या सूप? आमच्याकडं यावरून भांडण."

"आधी चमच्यावरची मोहरी चाटते," हेनिंग म्हणाला, "मग सूप. म्हणते मिसळायचं ते पोटात मिसळेल."

"आणि रागावल्या की?"

"कपाटं आवरायला काढते."

ती विचारत राहिली. हळू, मऊ, मध्ये सूप खात, जसे पट्टीचे वेढे द्यावेत. आणि उत्तरं देताना हेनिंगच्या लक्षात आलं, की आपण एकही खोटं उत्तर देत नाही आहोत. इल्व्हा खरंच मोहरी चाटायची. खरंच कपाटं आवरायची. थंडीत तिचा एकच कान लाल व्हायचा. ती हसताना आधी वर बघायची. हे सगळं त्यानं पाहिलेलं होतं तर! जेवणाच्या टेबलाशी, शेजारणीच्या जिन्यात भटकत असताना, कधीतरी, कुठूनतरी पाहिलेलं होतं. फक्त तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तो पॅनकेक आणायला उठला.

खाणं झाल्यावर अग्नेता भांडी उचलायला लागली, नको नको म्हणत असतानाही. चौथी बशी कोरडी, स्वच्छ. ती तिनं बेसिनमध्ये ठेवली नाही. कपाट उघडलं, बश्यांच्या चळतीवर हलकेच ठेवून दिली आणि कपाट लावून घेतलं. आवाजही झाला नाही. हेनिंग दारात उभा राहून पाहत होता आणि तिनंही त्याला पाहिलं, पण ती बोलली ती पॅनकेकबरोबरच्या मुरंब्याबद्दलच, घरचा आहे का म्हणून. त्याला तिथंच जमिनीवर बसावंसं वाटलं. एवढा सांभाळ त्याला झेपत नव्हता.

निघताना टोर्केलनं बसून बूट चढवले, नाड्या घट्ट आवळल्या, उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. "सांग हो इल्व्हाला, सूप एक नंबर. आणि पुढच्या वेळी आमच्याकडं. दोघांनी. नाही म्हणायचं नाही." अग्नेतानं जिन्यातल्या लिफ्टचं बटण दाबलं होतं. लिफ्ट वर येत असल्याचा घरघराट सुरू झाला.

"ती इथं राहत नाही," हेनिंग म्हणाला.

"कोण?"

"इल्व्हा. सहा वर्षं झाली. सूप मी केलं होतं. कोट विकत आणलाय." शब्द एकामागं एक पडत गेले, त्याला आवरता न येता. "तिथं तुझ्याशी काय बोलावं मला सुचत नव्हतं, टोर्केल. तू हसत होतास."

लिफ्ट आली. दार उघडलं, आतला पिवळा उजेड तिघांच्या पायांवर पडला, आणि कोणी आत गेलं नाही. टोर्केलची मान, गाल, कपाळ लाल होत गेलं. "म्हणजे मी तिथं पडलो होतो," तो सावकाश म्हणाला, "आणि मनात म्हणत होतो, हा माणूस त्या बाईकडं घरी जाणार आहे, म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. त्याच्यावर तगलो होतो मी. आणि तू..." तो थांबला. अग्नेताकडं वळला. "तुला माहीत होतं?"

"मगाशी कळलं."

"आणि बोलली नाहीस!"

"काय बोलायचं होतं?" ती म्हणाली. "ते सांगत होते, मी ऐकत होते."

लिफ्टचं दार मिटलं. खाली कोणीतरी बटण दाबलं असणार, ती निघून गेली, घरघराट लांब लांब गेला. हेनिंग खाली फरशीकडं बघत होता. त्याला आता काहीच मानता येत नव्हतं. दोन माणसं जिन्यात उभी होती, तिसरा दारात, आणि संध्याकाळचा उजेड तिघांवर सारखाच पडला होता. टोर्केल मोठ्यानं श्वास घेत होता, शिकाऊ माणसानं गाडी कठड्यावर घातल्यावर घेत असेल तसा. मग त्यानं विचारलं, "पॅनकेक उरलेत?"

"आहेत," हेनिंग म्हणाला. "चारपाच असतील."

"मग कोणीतरी खायला पाहिजेत." त्याच्या आवाजातला राग गेला नव्हता. दाराची चौकट धरून तो कण्हत खाली वाकला आणि नुकत्याच आवळलेल्या नाड्या एक एक करून सोडायला लागला.